साका बसेपर्यंत

१८३८ साली बोहेमियातल्या पिल्झेन शहरात, नगरभवनासमोर, ३६ पिंपं बिअर रस्त्यावर ओतून देण्यात आली. प्यायच्या लायकीची नाही, असं गावानेच ठरवलं होतं. पिल्झेनमध्ये बिअर बनवण्याचा हक्क ठरावीक घरमालकांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता, आणि वतनाच्या कामात जी ढिलाई येते ती इथेही आली होती. या ओतण्याची नामुष्की पदरात पडल्यावर हक्कदार एकत्र आले. त्यांनी नवी ब्रुअरी बांधली आणि ती चालवायला शेजारच्या बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा तिशीच्या आतला माणूस आणला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी ग्रोलने पहिला घाणा घातला आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या बाजाराच्या दिवशी, ती बिअर लोकांपुढे आली. रंगाने सोनेरी, आणि पेल्याच्या पलीकडचा माणूस दिसेल इतकी नितळ.

यात ग्रोलची करामत किती आणि योगायोग किती, हे वेगळं करणं अवघड आहे. इंग्लंडमध्ये माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, थेट जळणाच्या धगीवर न भाजता गरम हवेवर वाळवायची रीत रुळली होती. ती इथे आणल्यामुळे माल्ट फिकट राहिलं. पिल्झेनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच. जवळच्या झाटेत्सचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, सौम्य. ग्रोलसोबत आलेलं बव्हेरियन यीस्ट थंडीत संथ काम करणारं आणि काम झालं की तळाला जाऊन बसणारं. वालुकाश्मात खोदलेल्या गार तळघरांत ही बिअर आठवडेच्या आठवडे पडून राहिली, आणि त्या पडून राहण्यात निवळली. त्याच सुमारास बोहेमियातली काच स्वस्त होऊ लागली होती. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला. तोवर युरोपभर बिअर प्यायली जायची ती कथलाच्या, मातीच्या नाहीतर लाकडी भांड्यांतून. आत काय आहे ते दिसतच नसेल तर गढूळपणाबद्दल तक्रार करणार कोण? पेला काचेचा झाला आणि जिभेच्या आधी डोळ्याला मत आलं.

ते मत आजही आहे. म्हणूनच घरी बिअर बनवणाऱ्या माणसाला पहिल्या दोन-चार घाण्यांनंतर जो प्रश्न पडतो तो चवीचा नसतो. माझी बिअर दुकानातल्यासारखी स्वच्छ का दिसत नाही, हा असतो.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. पेशाने सॉफ्टवेअरमधला; पण त्याच्या गॅरेजात गाडीला जागा उरलेली नाही. तिथे स्टीलचं मोठं पातेलं आहे, तांब्याच्या नळीचं वेटोळं आहे, दोन काचेचे बुधले आहेत आणि तापमान लावायची सोय केलेला एक जुना फ्रिज आहे. अमेरिकेत हा उद्योग कायदेशीर झाला तो तसा अलीकडे. १९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली आणि बिअर मात्र राहून गेली. ते दुरुस्त व्हायला १९७८ उजाडलं. १४ ऑक्टोबरला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली, आणि पुढच्या फेब्रुवारीपासून एका घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ पर्यंत ताणून धरलं. भावाचा एक घाणा पाच गॅलनचा, साधारण १९ लिटरचा असतो. तो त्याच्या कॉलनीतल्या गणपतीनंतरच्या शनिवारी आणि थँक्सगिव्हिंगला मित्रांत संपतो.

‘चव चांगली होती रे,’ तो सांगत होता, ‘पण लोक पेला हातात घेतात आणि आधी उजेडाकडे धरतात. मग विचारतात, हे असंच असतं का?’

त्यावर त्याने जे केलं ते मला आवडलं. उपाय शोधायच्या आधी त्याने एक पेला फ्रिजमध्ये ठेवला आणि एक टेबलावर. टेबलावरची बिअर जसजशी कोमट होत गेली तसतशी ती स्वच्छ होत गेली. फ्रिजमधली तशीच राहिली, पांढुरक्या धुक्यासारखी. म्हणजे रोग कळला.

बिअर गढूळ दिसते, असं आपण सरसकट म्हणतो. पण त्या गढूळपणाच्या मागे निरनिराळे गुन्हेगार असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. घरगुती बिअरबद्दल इतका उलटसुलट सल्ला ऐकू येतो त्याचं कारण हेच. कुणी म्हणतं थंड करा, कुणी म्हणतं जिलेटिन घाला, कुणी म्हणतं थांबा. सगळेच आपापल्या बिअरबद्दल खरं बोलत असतात.

सगळ्यात साधा गुन्हेगार म्हणजे यीस्ट. साखरेचं मद्य करून झाल्यावर ते द्रवात तरंगत राहिलेलं असतं. दुसरा म्हणजे स्टार्च. माल्ट गरम पाण्यात भिजवून ६५ ते ६७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की धान्यातली विकरं स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात; हे अर्धवट राहिलं तर उरलेला स्टार्च बिअरमध्ये कायमचा धुरकटपणा ठेवून जातो. त्याची परीक्षा शाळेतल्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी केलेली असते: आयोडिनचा थेंब टाकायचा, निळाकाळा झाला तर स्टार्च आहे. तिसरा गुन्हेगार म्हणजे घाण. भांडी नीट निर्जंतुक न केल्यामुळे घुसलेले रानटी यीस्ट आणि जिवाणू. ही बिअर गढूळ तर असतेच, शिवाय आंबट, कधी तारेसारखी चिकट. तिला निवळवत बसू नये, ओतून द्यावी. पिल्झेनवाल्यांनी चारचौघांत ओतली, आपण मोरीत ओतावी.

आणि चौथा, भावाच्या फ्रिजमधला. याला ब्रूअर लोक ‘चिल हेझ’ म्हणतात, आणि बिअरच्या रसायनशास्त्रातला सगळ्यात देखणा भाग हाच आहे, असं माझं मत झालंय.

बार्लीच्या दाण्यात होर्डिन नावाची प्रथिनं असतात. त्यांच्या काही तुकड्यांत प्रोलिन नावाच्या अमिनो आम्लाचं प्रमाण खूप असतं. दुसऱ्या बाजूने, धान्याच्या फोलपटातून आणि हॉप्समधून पॉलिफिनॉल येतात, म्हणजे ढोबळमानाने टॅनिनच्या कुळातले पदार्थ. चहाला, कच्च्या केळ्याला, सुपारीला जो तुरटपणा असतो तो त्यांचाच. पॉलिफिनॉलच्या रेणूला एकापेक्षा जास्त ठिकाणी पकड असते. एका हाताने एक प्रथिन, दुसऱ्या हाताने दुसरं, असं करत जाळं विणलं जातं. बिअर कोमट असेल तर ही पकड सुटते आणि जाळं विरघळतं. शून्य ते पाच अंशांच्या आसपास गेली की पकड घट्ट होते, जाळं मोठं होतं आणि त्यावरून उजेड विखुरला जातो. पेला धुरकट दिसतो. बिअर गरम करा, पुन्हा स्वच्छ. पण हे गारगरम चक्र पुन्हा पुन्हा झालं, हवेतला ऑक्सिजन आत गेला आणि महिने लोटले, की ही सैल पकड पक्क्या रासायनिक बंधात बदलते. मग कितीही तापवा, धुकं हटत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्ल सीबर्ट यांनी या प्रथिन-पॉलिफिनॉलच्या जोडीवर बरंच काम केलेलं आहे. त्यातली एक गोष्ट घरगुती ब्रूअरच्या फार कामाची: धुकं करणारी प्रथिनं आणि बिअरवरचा फेस धरून ठेवणारी प्रथिनं वेगवेगळी असतात. म्हणजे बिअर नितळ करायची तर फेस गमवावाच लागेल असं नाही. पण वाट्टेल ते औषध वाट्टेल तितकं घातलं तर दोन्ही जातात.

यातून एक गोष्ट निघते, जी नवशिक्याला उशिरा पटते. नितळपणाचा निकाल बराचसा पहिल्याच दिवशी, पातेलं चुलीवर असतानाच लागतो. यीस्टचा प्रश्न नंतर सोडवता येतो. प्रथिनं आणि टॅनिन मात्र आत जितके कमी शिरतील तितकं बरं, आणि ते आत शिरतात ते त्याच दिवशी.

माल्टमधली साखर काढून घेतल्यावर उरलेली धुऊन काढायला वरून गरम पाणी सोडतात. हव्यासापायी ते फार गरम सोडलं, ७७ अंशांच्या वर नेलं, किंवा फार वेळ सोडत राहून पाण्याची आम्लता घटली, तर फोलपटातलं टॅनिन सुटून खाली येतं. थोडी जास्त साखर मिळवण्याच्या नादात पुढचं धुकं ओढवून घेतलं जातं. मग उकळण. तासभर, कधी दीड तास, आणि ती नुसती मंद नाही, खळखळती हवी. खळखळून उकळलं की प्रथिनं गोठून दूध फाटावं तशी गुठळ्या होऊन तरंगू लागतात. ब्रूअर याला ‘हॉट ब्रेक’ म्हणतात. घरच्या गॅसवर १९ लिटर पाणी खळखळून उकळत ठेवणं सोपं नसतं. भावाने त्यासाठी अंगणात, टर्की तळायला वापरतात तो मोठा गॅस बर्नर आणला. थंडीत तिथे जाकीट घालून उभा राहतो.

उकळण संपायला दहा-पंधरा मिनिटं उरली की चिमूटभर ‘आयरिश मॉस’ घालतात. नावात मॉस असलं तरी हे तांबडं समुद्री शेवाळ, अटलांटिकच्या खडकांवर वाढणारं. त्यातल्या कॅरागीननवर ऋण भार असतो. प्रथिनांना तो ओढून घेतो आणि गुठळ्या मोठ्या होतात. आता याच्या गोळ्या मिळतात, अर्धी गोळी पुरते. त्यानंतर तांब्याचं वेटोळं पातेल्यात बुडवून आतून नळाचं गार पाणी सोडायचं आणि उकळतं द्रव अर्ध्या तासाच्या आत वीस अंशांवर आणायचं. झटकन थंड झालं तर प्रथिन-टॅनिनची आणखी एक खेप गोठून तळाशी बसते. हळूहळू थंड होत राहिलं तर ती खेप बारीक कणांच्या रूपात पुढे जाते आणि फ्रिजमध्ये भेटते. जानेवारीत न्यू जर्सीच्या नळाचं पाणी हात लावला तर झिणझिण्या आणतं, तेव्हा हे सहज होतं. जुलैत भाऊ नळीच्या वाटेत बर्फाची बादली ठेवतो.

आता यीस्ट. यीस्टची एक पेशी पाच ते दहा मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या दशांशाइतकी. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ मध्ये द्रवात बुडणाऱ्या गोल कणाच्या वेगाचं सूत्र मांडलं. बिअरला ते तंतोतंत लागू करायचं कारण नाही, पण त्यातला मुख्य मुद्दा लागू पडतो: वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. कण दुप्पट मोठा झाला की चौपट वेगाने खाली जातो, दहापट झाला की शंभरपट. एकटी पेशी दिवसाला काही सेंटिमीटर खाली सरकणार, आणि तेवढ्यात खालून येणारा कर्बवायूचा बुडबुडा तिला पुन्हा वर नेणार. दहाबारा पेशी हात धरून गोळा झाल्या तर मात्र त्या झपाट्याने बसतात. काही यीस्टांच्या अंगी हा गुण उपजत असतो, काहींच्या नसतो. पेशीच्या कवचावरची विशिष्ट प्रथिनं शेजारच्या पेशीवरच्या शर्करेला पकडतात. त्यासाठी कॅल्शियम लागतं, आणि द्रवातली साखर संपेपर्यंत ही पकड बसत नाही. निसर्गाने योजून ठेवल्यासारखंच: काम संपल्यावर बसा. इंग्लिश एलची बरीच यीस्ट दोन-तीन दिवसांत दगडासारखी तळाला जातात. जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट बसायचं नावच घेत नाही, आणि तिथे ते कुणाला नकोही असतं.

म्हणून नितळ बिअरसाठी सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे योग्य यीस्ट विकत घेणं. दुकानातल्या पाकिटावर ‘फ्लॉक्युलेशन’ म्हणून एक ओळ छापलेली असते. नवशिके सुगंध आणि मद्याचं प्रमाण वाचतात, ती ओळ वाचत नाहीत.

दुसरी युक्ती थंडी. किण्वन पूर्ण झाल्यावर बुधला शून्य ते दोन अंशांवर दोन-तीन दिवस, जमलं तर आठवडाभर ठेवायचा. याला ‘कोल्ड क्रॅश’ म्हणतात. गंमत अशी की स्टोक्सच्या हिशोबाने थंड द्रव दाट होतो, म्हणजे कण उलट सावकाश बसायला हवेत. तरीही थंडीने बिअर निवळते, कारण यीस्ट झोपी जातं, बुडबुडे थांबतात, ढवळणं बंद होतं, आणि जे धुकं पुढे फ्रिजमध्ये व्हायचं ते आत्ताच तयार होऊन तळाला बसतं. फक्त एक काळजी: थंड होताना बुधल्यातला वायू आकसतो आणि बाहेरची हवा आत खेचतो. तेवढ्या ऑक्सिजनने सफरचंदी-कागदी चव येऊ शकते, आणि मघाशी सांगितलं तसं सैल धुकं पक्कं होऊ शकतं. बिअर नितळ करता करता शिळी करणारे लोक कमी नाहीत.

आणि तिसरी युक्ती, जिच्यासाठी खरं तर मी हा विषय हातात घेतला. बाहेरून काहीतरी घालून बिअर निवळवणं.

पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी आलं की आपल्याकडे हंड्यात तुरटी फिरवतात. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, कण एकत्र येतात आणि साका तळाला बसतो. तुरटीच्या आधीपासून निवळीचं बी होतं, घड्याच्या आतल्या बाजूला उगाळून लावायचं. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणारी सात द्रव्यं सांगितली आहेत; त्यांत निवळीचं बी आहे, वस्त्र आहे, आणि शेवाळाचं मूळही आहे. आयरिश मॉसचा विचार करताना मला ते शेवाळ आठवत राहतं, जरी ते गोड्या पाण्यातलं आणि हे खाऱ्या.

बिअरसाठी युरोपाने जे निवळवणारं द्रव्य शोधलं ते माशाच्या पोटातून आलं. माशाच्या शरीरात हवेची एक पिशवी असते, जिच्या आधाराने तो पाण्यात हवा तितका वर-खाली राहतो. ही पिशवी वाळवून, आम्लात भिजवली की शुद्ध कोलॅजेनचा चिकट द्रव होतो. त्यावर धन भार असतो, यीस्टवर ऋण. ‘आयसिंग्लास’ असं त्याचं नाव. सगळ्यात उत्तम आयसिंग्लास रशियातल्या स्टर्जन माशाचं, म्हणजे ज्याच्या अंड्यांना कॅव्हिआर म्हणतात त्याचं, आणि त्यामुळे भाव चढा. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉक या अभियंत्याने, जो जेम्स वॉटच्या कारखान्यात वाफेची इंजिनं बसवायचा, वाळवलेल्या कॉड माशापासून त्याचा पर्याय बनवला. लंडनच्या ब्रूअरांच्या समितीने तो वापरायच्या हक्कापोटी त्याला दोन हजार पौंड मोजले. बिअर दिसायला नितळ हवी, एवढ्यासाठी दोन हजार पौंड, अठराव्या शतकात.

मग या शोधाची नजर आपल्या किनाऱ्याकडे वळली. ईस्ट इंडिया कंपनीत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेल्या जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ग्रोल पिल्झेनमध्ये पहिला घाणा घालत होता त्याच वर्षी, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आयसिंग्लासचं उत्पादन कसं करता येईल यावर एक पुस्तकच लंडनला छापलं. त्यांचा भर होता बंगालच्या बाजूला मिळणाऱ्या, रावसाच्या कुळातल्या एका माशावर. रशियन मालाची मक्तेदारी मोडायची, हा हेतू. हिंदुस्थानात येणाऱ्या पेल एलची पिंपं आफ्रिकेला वळसा घालून काही महिने समुद्रात डुचमळत यायची, आणि तिकडे तीच बिअर निवळवायला हिंदुस्थानातल्या माशाचा फुगा न्यायचा बेत चालला होता. व्यापाऱ्याच्या डोक्यात असल्या विसंगतीला जागा नसते.

आपल्याकडे ही पिशवी आजही सोन्याच्या भावाने जाते, पण दुसऱ्याच बाजूला. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर घोळ मासा जाळ्यात आला की कोळी आधी त्याचं ‘बोत’ किती मोठं आहे ते पाहतो. मांसापेक्षा बोताला भाव. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ लागले आणि ते सुमारे एक कोटी ३३ लाखांना गेले, ही बातमी सगळीकडे गाजली. हे बोत मुख्यतः हाँगकाँग-चीनच्या बाजारात, सूप आणि औषधासाठी जातं. बिअर निवळवायला एवढ्या महाग मालाला हात कोण लावणार. ते काम आता इतर, स्वस्त माशांच्या फुग्यांवर चालतं. ब्रिटनमध्ये पिंपातून थेट ओतल्या जाणाऱ्या एलमध्ये ते अजून वापरलं जातं. पण गिनेससारख्या कंपनीने २०१५ मध्ये आपण ते बंद करणार असं जाहीर केलं, कारण शाकाहारी आणि व्हीगन गिऱ्हाइकांच्या तक्रारी.

घरगुती ब्रूअरला आयसिंग्लास त्रासाचं. वीस अंशांच्या वर गेलं की खराब होतं. म्हणून बहुतेक जण जिलेटिन वापरतात. तेही कोलॅजेनच, फक्त डुकराच्या कातडीचं नाहीतर गुरांच्या हाडा-कातड्याचं. अर्धा चमचा जिलेटिन शंभरेक मिलिलिटर पाण्यात, उकळू न देता ६५-७० अंशांपर्यंत गरम करून, गार बिअरमध्ये सोडायचं. दोन दिवसांत पेल्यापलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. मावशी न्यू जर्सीला सहा महिने राहायला गेली होती. मुलगा बिअर बनवतो हे तिने कसंबसं गिळलं, पण जिलेटिन कशाचं असतं हे कळल्यावर भाजी ठेवायला वेगळा फ्रिज मागितला. भावाने मग सिलिकाचं द्रावण आणलं. वाळूतलं, निर्जीव, मावशीलाही चालणारं. सिलिकाचं वैशिष्ट्य असं की ते प्रोलिनवाली, म्हणजे धुकं करणारीच प्रथिनं वेचून पकडतं आणि फेसाच्या प्रथिनांच्या वाटेला फारसं जात नाही. पॉलिफिनॉलची बाजू पकडायची तर पीव्हीपीपी नावाची बारीक प्लॅस्टिकची भुकटी मिळते. जर्मनीत १५१६ च्या शुद्धतेच्या फर्मानाचा वारसा सांगणाऱ्या कायद्यात आयसिंग्लासला जागा नाही, पण सिलिका आणि पीव्हीपीपी चालतात. का, तर ती गाळून काढता येतात, बिअरमध्ये राहत नाहीत. सोवळं पाळायच्या अशा वाटा सगळीकडेच असतात.

पपईची हकिकतही इथेच सांगायला हवी. मटण मऊ व्हावं म्हणून आपण त्याला कच्च्या पपईचा चीक किंवा किसलेला गर लावतो, कारण त्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. न्यूयॉर्कच्या लिओ वॉलरस्टाइन यांनी १९११ मध्ये हेच बिअरला लावायचं पेटंट घेतलं: धुकं करणारी प्रथिनंच कापून टाकायची. विसाव्या शतकात पपेन घातलेल्या बिअरचा मोठा काळ होऊन गेला. दोष एकच, पपेनला विवेक नाही. ते फेसाचंही प्रथिन कापतं. आज त्याची जागा घेणारं एक विकर मिळतं, जे फक्त प्रोलिनच्या शेजारी कात्री चालवतं. किण्वनाच्या सुरुवातीला चार-दोन थेंब टाकले की चिल हेझचा प्रश्नच येत नाही. माझ्या मते घरगुती ब्रूअरच्या हाती आलेली ही सगळ्यात मोठी सोय आहे, आणि तिच्यामुळे या छंदातली निम्मी मजाही गेली आहे.

गाळणीबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या ब्रुअऱ्या १८७८ मध्ये लोरेन्झ एन्झिंगर यांनी बिअरची गाळणी काढली तेव्हापासून गाळूनच बिअर विकतात. घरी ते यंत्र खर्चिक, साफ करायला किचकट आणि हवा शिरवणारं. ज्याच्याकडे फ्रिज आहे आणि आठवडा थांबायची तयारी आहे त्याला त्याची गरज नाही.

हे सगळं वाचून इथे कुणी पातेलं चढवू नये म्हणून सांगतो: महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे, मग ते पाच गॅलन असो की पाच लिटर, आणि ते फक्त स्वतःला प्यायला असो. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअऱ्या आहेत. ज्याला हे काम जवळून बघायचं आहे त्याने तिथल्या ब्रूअरशी गप्पा माराव्यात, तो काचेआडच्या टाक्या दाखवतोच. वसई-पालघरकडे ताडी पिणाऱ्याला तर हा सगळा खटाटोप हास्यास्पद वाटेल. ताडी पांढुरकी नसली तर त्याला संशय येतो की यात पाणी घातलंय.

आणि बिअरच्या जगातही वारं फिरलंय. व्हरमाँट राज्यातल्या वॉटरबरीत जॉन किमिच आणि त्यांच्या पत्नी जेन यांनी ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब चालवला. २००४ च्या सुमारास त्यांनी हॉप्स ठासून भरलेली, मुद्दाम न गाळलेली एक बिअर काढली, ‘हेडी टॉपर’. ती ढगाळ होती, फळांच्या रसासारखी दिसायची, आणि लोक तिच्यासाठी राज्यं ओलांडून यायला लागले. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुराने पब वाहून गेला, पण त्याच सुमारास सुरू झालेल्या कॅनच्या कारखान्यातून ती पसरली. कॅनवरच लिहिलेलं असतं की पेल्यात ओतू नका, कॅनमधूनच प्या. दीडशे वर्षं काचेने गाजवलेली सत्ता एका वाक्यात मोडीत काढली गेली. मग न्यू इंग्लंडभर तशाच बिअर निघाल्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूअर संघटनेने ‘ज्यूसी किंवा हेझी’ असे अधिकृत प्रकारच जाहीर केले, आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या मोठ्या स्पर्धेत सर्वाधिक प्रवेशिका या गढूळ ‘इंडिया पेल एल’च्याच आल्या. आता या वर्गात नितळ बिअर पाठवली तर परीक्षक गुण कापतो.

हे ढग फॅशन म्हणून सोडून देता येत नाहीत. किण्वन चालू असतानाच ढीगभर हॉप्स घातले की त्यातले पॉलिफिनॉल प्रथिनांशी जोडी जमवतात आणि ओट्स-गव्हाची प्रथिनं त्यात भर घालतात. त्याच धुक्याच्या कणांबरोबर हॉप्सची तेलंही बिअरमध्ये टिकून राहतात, असं मानलं जातं. तो आंब्या-संत्र्याचा वास नितळ बिअरमध्ये तितका भरून येत नाही, हे पिणाऱ्याला कळतं. जर्मन वाइसबिअरवाल्यांना हे जुनंच आहे. ते बाटली ओतताना शेवटचा घोट ठेवून देतात, बाटली गोल फिरवतात आणि तळाचं यीस्ट मुद्दाम पेल्यात घेतात.

पण ढगही टिकवावा लागतो. चुकून पडलेला गढूळपणा महिनाभराने बसतो. ठरवून केलेला ढग बसू न देणं हे तितकंच किचकट काम आहे, आणि त्यासाठी नितळपणाचं सगळं शास्त्र उलटं वापरावं लागतं. न बसणारं यीस्ट निवडा, आयरिश मॉस घालू नका, जिलेटिन विसरा, प्रथिन आणि पॉलिफिनॉल अशा प्रमाणात ठेवा की त्यांचे कण बारीक राहतील आणि स्टोक्सच्या हिशोबाने वर्षभर खाली जाणार नाहीत. भावाने यंदा ओट्स घालून असा एक घाणा घातला. पहिले दोन आठवडे ती छान ढगाळ होती. गणपती होईपर्यंत फ्रिजमधल्या केगात साका बसला आणि वरची बिअर पिल्झेनच्या बिअरसारखी आरपार दिसू लागली.

‘काय घालू रे आता यात?’ त्याने फोनवर विचारलं. मी म्हटलं, मला काय विचारतोस, मावशीला विचार. त्याने दुसऱ्याच उपायावर भागवलं आहे. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी तो केग उचलून आडवा करतो, दोन-चार वेळा इकडून तिकडे लोळवतो आणि पुन्हा नळाला जोडतो.